खडूसचा उचललेला पाय

माझी बायको गेली हे लोकांना कळलं माझ्या चुकीमुळे, आणि सगळ्यांना आधी वाटलं की मांजर गेली.

सकाळी मी हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मुलगी आत कागदांवर सह्या करत होती. बायकोचा फोन माझ्या हातात होता. म्हटलं, मैत्रिणींना आपणच कळवावं. त्या तिघींचा एक ग्रुप होता, दिवसभर टिंगटिंग वाजायचा. मी फोन उघडला. समोर त्यांच्या बाहुल्यांचा फोटो दिसला, खाली लिहायची जागा दिसली. एका बोटाने लिहिलं, 'आज सकाळी ती वारली. काही विचारायचं असेल तर मला फोन करा.' आणि बाण दाबून पाठवलं.

तो ग्रुप नव्हता. त्यांच्या चॅनेलवरच्या बाहुल्यांच्या फिल्मखालची जागा होती ती, जिथे बघणारे लोक काहीबाही लिहितात. फिल्ममध्ये 'ती' म्हणण्यासारखी एक मांजरच होती. पाच मिनिटांत उत्तरं यायला लागली. 'अरे देवा, मांजर??' 'मांजराला का मारलंत! शोभतं का हे?' 'माझी मुलगी रडतेय, पुढच्या भागात मांजर परत आणा.' एकाने हसणारे तोंड काढून लिहिलं होतं, 'फोन कुणाला करायचा, खडूसला?'

मी ते वाचतच होतो तेवढ्यात फोन वाजला. तिची मैत्रीण, जिला आम्ही सगळे बँकवाली म्हणतो, कारण ती बँकेतून रिटायर झाली आणि अजून प्रत्येक गोष्टीला टोकन नंबर देते. ती दुसऱ्या गावात राहते.

"काय गं भवाने, मला न विचारता मांजर मारलीस? तिचा आवाज कोण काढतं? मी! निदान एकदा शेवटचं म्यांव तरी करू द्यायचंस!"

"ताई, मी बोलतोय."

"भावोजी? तिला द्या. तुम्ही मध्ये पडू नका, हे आमचं आतलं भांडण आहे."

"मांजर ठीक आहे," मी म्हणालो.

तेवढ्यावरून तिला कळलं.

मी रंगारी आहे. लोकांची घरं रंगवतो. शाळा जेमतेम झाली, पण रंगातलं बरं कळतं. निदान तेव्हा तरी मला तसं वाटायचं.

बायकोला हे फिल्मचं वेड लागलं ते मुलीच्या लग्नानंतर, घर रिकामं झाल्यावर. शेजारची शिंपीण आणि ती दोघी कापडाच्या बाहुल्या करायच्या. बँकवाली गोष्टी रचायची. मुलीने त्यांना दाखवून दिलं की फोन एका जागी घट्ट बसवायचा, बाहुल्याचा फोटो काढायचा, मग बाहुला केसभर हलवायचा, परत फोटो, परत केसभर. असे ढीगभर फोटो एकामागून एक पळवले की बाहुला चालायला लागतो. सबंध संध्याकाळ खपलं की खडूस दोन पावलं चालायचा. मी म्हणायचो, "एवढ्या वेळात मी एक खोली रंगवून आलो असतो." ती म्हणायची, "या ना रंगवून."

खडूस म्हणजे मी. ती नाही म्हणायची, पण कोण फसणार? वीतभर उंचीचा म्हातारा, आत तार, वर कापूस, आणि दोन्ही कानांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके. माझ्या कानावरचा रंग कधी निघत नाही, कारण अंघोळीला मी कान विसरतो. खडूस बोलत काही नाही, फक्त "हॅ!" म्हणतो. हे हॅ बँकवालीचं. फोनवर माझं हॅ ऐकून ऐकून तिने ते उचललं, आणि आता माझ्यापेक्षा तिचंच जास्त माझ्यासारखं वाटतं.

गोष्ट साधी होती. खडूसच्या घरातला बल्ब गेलाय आणि तो बदलायचाय. पहिल्या भागात त्याला शिडीच सापडत नाही. दुसऱ्यात सापडते, पण तिच्यावर मांजर झोपलेली असते. तिसऱ्यात तो बल्ब आणायला जातो आणि छत्री घेऊन येतो. लोकांना हे फार आवडायचं. काहीशे माणसं होती बघणारी. त्यांची पोरं विचारायची, बल्ब कधी लागणार? शेवटच्या भागात लागणार असं बायकोने लिहून टाकलं होतं. खरा बल्ब होता तो, शेंगदाण्याएवढा, बॅटरीवरचा.

"लागल्यावर काय होतं?" बँकवाली दर खेपेला विचारायची.

"बघशील तेव्हा कळेल."

"अगं, लेखिका मी आहे!"

"तू आवाज काढ."

मलाही सांगितलं नाही. मी तर घरातलाच होतो.

या सगळ्यासाठी हॉलमधलं आमचं जेवणाचं टेबल गेलं. टेबलावर खडूसची खोली, पुठ्ठ्याच्या भिंती, शिडी, मांजर. एक जुना फोन चिकटपट्टीने बसवलेला. एक दिवा या बाजूला, एक त्या बाजूला, आणि खिडकीला जाड पडदा. टेबलाला धक्का लागला की सगळं बिघडतं, म्हणून आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन पलंगावर जेवायचो. पाहुणा आला की त्यालाही पलंगावर. एकदा जावई पाणी प्यायला उठला आणि कोपर टेबलाला लागलं. बायकोने त्याच्याकडे फक्त बघितलं. तेव्हापासून तो आमच्याकडे येताना जेवून यायचा.

शिडी मी करून दिली होती, रंग ढवळायच्या काड्यांची. शिडी चढायची कशी ते तिने माझ्यावरून घेतलं. हॉलमध्ये माझी कामाची शिडी उभी करायला लावली आणि म्हणाली, "चढा."

"कशाला?"

"चढा हो. बोलू नका. नेहमीसारखे."

मी चढलो. तिने फोनवर ते काढून घेतलं आणि खो खो हसायला लागली. मला माहीत नव्हतं, पण मी प्रत्येक पायरीला पाय उचलतो, हवेत दोनदा झटकतो आणि मग ठेवतो. चपलेला ओला रंग असेल तर पायरीला लागू नये म्हणून पडलेली सवय. पायात चप्पल नसली तरी झटकतो.

"हे बघ, हे बघ," तिने शिंपिणीला बोलावून दाखवलं. "मांजर ओल्यातून आल्यावर झटकते तसं!"

तर खडूस शिडी चढत होता. तिसऱ्या पायरीवर एक पाय टेकलेला, दुसरा हवेत, झटकायच्या बेतात. तिथे त्या रात्री काम थांबलं. ती म्हणाली, बाकीचं उद्या. पहाटे तिच्या छातीत दुखायला लागलं.

पाय तसाच राहिला.

त्यानंतर मला बसवेना. खुर्चीत बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठे जायचं ते आठवेना. कामावर गेलो तर शिडीवर चढून विसरायचो की कुठला ब्रश हवा होता. खाली उतरायचो, मग आठवायचं. मालकीणबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही व्यायाम करताय की रंगवताय?" जेवण मी उभ्यानेच करायचो, ओट्यापाशी, टेबलाकडे पाठ करून. मुलगी संध्याकाळी डबा घेऊन यायची आणि म्हणायची, "बाबा, बसा. पाच मिनिटं बसा फक्त." मी बसायचो आणि ती भांडी घासायला वळली की उठायचो.

मैत्रिणींनी ठरवलं की फिल्म पुरी करायची. शिंपीण बाहुले हलवणार, बँकवाली मुलीच्या लॅपटॉपवरून बघणार. मी बरं म्हणालो. पण रविवारला चार दिवस होते आणि मला तेवढे दिवस हातांना काहीतरी हवं होतं. म्हणून मी हॉल रंगवायला काढला.

आमचा हॉल मी फार वर्षांपूर्वी रंगवला होता, तोही उरलेल्या रंगांनी. कुणाच्या बेडरूमचा राहिलेला, कुणाच्या जिन्याचा, असे डबे एका बादलीत ओतले आणि जो रंग झाला तो झाला. बायकोने विचारलं होतं, "याचं नाव काय?" मी म्हटलं, "याला नाव नाही, मिळाला तो." आता एका गिऱ्हाइकाकडची अख्खी बादली उरली होती, फिक्का हिरवा, महागातला. मी ती आणली.

टेबलाला बोटसुद्धा लावलं नाही. त्याच्याभोवती पट्ट्यांचा सांगाडा उभा केला, वरून प्लास्टिक, कडा जमिनीला चिकटवल्या. दिवे जागचे हलवले नाहीत. दोन हात मारले. एक थेंब पडला नाही. रविवारी प्लास्टिक काढलं तेव्हा खडूसच्या टोपीवर धूळसुद्धा नव्हती. मी मुद्दाम दारातच उभा राहिलो, सगळ्यांनी बघावं म्हणून.

"भावोजी, छान झालं हो," शिंपीण म्हणाली. पडदा ओढला, दिवे लावले. कशालाही हात न लावता तिने आधी एक फोटो काढला, जुन्या फोटोला जुळतो का बघायला.

लॅपटॉपमधून बँकवाली म्हणाली, "हा आजारी का दिसतोय?"

"कोण?"

"खडूस. हिरवट पडलाय. विष घेतल्यासारखा."

त्यांनी दिवा बंद करून परत लावला. फोन पुसला. मुलीने फोनमधून रंग सुधारून पाहिला, तर खडूस माणसात आला पण मांजर निळी झाली. मग मुलगी एका दिव्याकडे बघत राहिली. त्याचं तोंड टेबलाकडे नव्हतंच, भिंतीकडे होतं.

"बाबा, आईने हा दिवा उलटा का ठेवला होता?"

"सरळ ठेवला की डोळ्यावर येतो म्हणायची," शिंपीण म्हणाली. "भिंतीवर आपटून आला की मऊ होतो."

सगळे भिंतीकडे बघायला लागले आणि मग माझ्याकडे.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही अख्खा उजेड रंगवून टाकलात."

तिला हसू येत होतं आणि ती ते दाबत होती. बँकवालीने दाबलं नाही. पण हसून झाल्यावर तीच म्हणाली ते खरं होतं. असाच पुढचा भाग काढला तर शिडीच्या मधोमध खडूसचा रंग बदलणार. बायकोने काढलेलं आणि आपण काढलेलं एकत्र जोडता येणार नाही.

"मग पहिल्या पायरीपासून परत काढू," शिंपीण हळू आवाजात म्हणाली.

म्हणजे बायकोने शेवटी काढलेलं सगळं टाकून द्यायचं.

"नाही," मी म्हणालो.

"मग काय करणार?"

"भिंत परत आणतो."

म्हणणं सोपं होतं. जुना रंग नव्याच्या खाली गेला होता, खरवडला तर दोन्ही निघत. स्विचबोर्ड उघडला, त्याच्या मागे हाताच्या तळव्याएवढा तुकडा जुन्या रंगाचा सापडला. मला आनंद झाला. घरातले सगळे उरलेले डबे काढले, शेजारच्या रंगाऱ्याकडून त्याचे आणले, आणि ढवळायला बसलो. म्हणजे उभा राहिलो. वाळल्यावर रंग बदलतो, म्हणून लावायचं, वाट बघायची, फोटो काढायचा, बँकवालीला पाठवायचा.

पहिल्याला ती म्हणाली, "कावीळ."

दुसऱ्याला, "आता गारठलाय. स्वेटर घाला."

तिसऱ्याला, "बरा आहे, पण भावोजी, हा कुणीतरी दुसराच म्हातारा वाटतो. सज्जन."

मुलगी म्हणाली, "भिंत कशाला, मोठा पुठ्ठा रंगवून उभा करा." करून पाहिलं. पुठ्ठ्यावरून उजेड चकचकीत यायचा, भिंतीचा खडबडीतपणा त्याला कुठला. रंग शोधायला पुठ्ठे बरे होते, म्हणून तेच वापरत राहिलो. थोड्या दिवसांत हॉलभर रंगवलेले पुठ्ठे झाले आणि चालायला वाट उरली नाही. तरी मी त्यांच्यातून फेऱ्या मारत होतो.

एका संध्याकाळी मुलगी चिडली. डबा ओट्यावर आपटला. "पुरे झालं आता. मी हे सगळं नीट खोक्यात भरून ठेवते. शिडी, खडूस, सगळं. काही टाकणार नाही. पण तुम्ही टेबलावर बसून जेवा. माणसासारखे."

"पाय हलेल."

"कुणाचा?"

"खडूसचा. खोक्यात भरताना."

ती टेबलाजवळ गेली आणि वाकून खडूसकडे बघत राहिली. हात पाठीमागे बांधले होते, लहानपणी दुकानात बांधून उभी राहायची तसे. मग म्हणाली, "आईचं बोट कुठे लागलं असेल? टाचेला?"

"टाचेला. चिमटीत धरायची."

ती घरी निघाली तेव्हा पुन्हा खोक्याचं नाव काढलं नाही. फक्त म्हणाली, "बाबा, स्विचबोर्डच्या मागचा रंग कशाला घेताय? तिथे कधी उजेड गेला का? भिंत एवढी कोरी नव्हती. आपण इथे राहत होतो."

बरोबर होतं तिचं. मी भिंत नवीन होती त्या दिवसाचा रंग शोधत होतो. त्यानंतर चहाची वाफ लागली, पंख्याची धूळ लागली, पाठ टेकून बसलेल्या माणसांचं तेल लागलं. मी जन्मभर लोकांचं मळलेलं झाकत आलो. मळवून द्या असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि ते कसं करतात ते मला येत नव्हतं. काळा स्टेनर, म्हणजे रंगात मिसळायचा दाट रंग, थेंबभर घालून पाहिला, भिंत सुतकी झाली. चहा घालून पाहिला. हे मी बँकवालीला सांगितलं नाही, पण तिने फोटो बघून विचारलं, "हे काय सांडलंय यावर?"

शेवटी जमलं ते ब्रश धुवायच्या पाण्याने. ते पाणी मी एका डब्यात ठेवतो, लवकर फेकत नाही. त्यात सगळ्या घरांचे रंग उतरलेले असतात. कुठल्याच रंगाचं नसतं ते, मळकट. ते रंगात थोडंसं ओतलं, ढवळलं. पुठ्ठ्यावर नाही, या खेपेला सरळ भिंतीवर लावलं, दिव्याचा उजेड पडतो तेवढ्याच जागेवर. वाळेपर्यंत गच्चीवर जाऊन येरझाऱ्या घातल्या. मग शिंपिणीला बोलावलं, तिने फोटो काढला आणि पाठवला.

उत्तर येईना. आम्ही दोघं लॅपटॉपसमोर उभे होतो. मुलगीही आली होती.

मग लॅपटॉपमधून आवाज आला. "हॅ!"

बायको गेल्यापासून बँकवालीने तो आवाज काढला नव्हता.

"तोच आहे," ती म्हणाली आपल्या आवाजात. "तोच मेला खडूस. आता पाय ठेवा त्याचा, माझ्याच्याने बघवत नाही."

शिंपीण बसली. बोटं पुढे केली, आणि थांबली. "भावोजी, तुम्ही करता का? पहिला?"

मी माझी बोटं बघितली. तारेचा पाय माझ्या हातात वाकडाच झाला असता. म्हटलं, "तुम्हीच करा. तिने मला नुसतं चढायला लावलं होतं."

"मग चढा."

मी कामाची शिडी आणून हॉलमध्ये उभी केली. मुलीने खालून धरली, धरायची काही गरज नव्हती तरी. मी तिसऱ्या पायरीवर गेलो आणि पाय उचलला.

"सावकाश," शिंपीण म्हणाली. "थांबा. तसेच. हलू नका."

तिने खडूसच्या टाचेला चिमटीत धरलं आणि केसभर हलवलं. फोटो काढला.

"आता झटका. अर्धाच. थांबा."

"अर्धा कसा झटकणार?"

"बोलू नका हो!"

एका पायावर उभा राहून माझी पोटरी दुखायला लागली. मुलगी खालून म्हणाली, "बाबा, आईने खडूसला बरोबर नाव ठेवलंय." मी हॅ म्हणालो आणि लॅपटॉपमधून लगेच दुसरं हॅ आलं. पाय पायरीवर टेकायला बराच वेळ लागला. टेकला तेव्हा शिंपीण डोळे पुसत होती आणि म्हणत होती की उजेड डोळ्यावर येतोय. तो तर भिंतीकडे होता.

रात्री मुलीने सगळे फोटो जोडून दाखवले. बायकोचं कुठे संपलं आणि आमचं कुठे सुरू झालं ते मला दिसतं, बाकी कुणाला दिसत नाही. आमच्या भागात शिडी थोडी थरथरते. राहू द्या, असं बँकवालीने सांगितलं.

आता दर रविवारी मी एक-दोन पायऱ्या चढतो. हॉलच्या भिंतीवर मळकट चौकोन तेवढा आहे, बाकी सगळं हिरवं, आणि मी ते तसंच ठेवलंय. चॅनेलवर मुलीने नीट लिहून कळवलं, की मांजर सुखरूप आहे आणि कोण गेलं ते. जेवतो अजून ओट्यापाशीच, पण आता टेबलाकडे तोंड करून.

खडूसच्या वरच्या दोन पायऱ्या राहिल्यात. बल्ब लावायचा राहिलाय. आणि बल्ब लागल्यावर तो काय करतो, ते अजून आमच्यापैकी कुणालाही ठरवता आलेलं नाही.